आण्णांनी पालथा ठेवलेला फोटो: पदवीच्या शेवटच्या वर्षातलं एक प्रकरण

पुण्यातल्या एका कलासंस्थेत मी बी.एफ.ए.च्या मुलांना फोटोग्राफी शिकवते. हे प्रकरण तिथल्याच एका विद्यार्थिनीचं आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी ती माझ्या मार्गदर्शनाखाली होती. तिचं नाव, संस्थेचं नाव, साल यातलं काही देत नाही. ओळख पटू नये म्हणून आणखीही काही तपशील बदलले आहेत. हा मजकूर तिने घरी वाचून दाखवला. घरच्यांनी दोन वाक्यं काढायला सांगितली, ती काढली आहेत.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात चित्रकला महाविद्यालयातून फोटोग्राफीकडे जाणारा रस्ता पेन्सिलीवरून जातो. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ड्रॉइंगच्या परीक्षा, बारावीनंतर सीईटी. त्या सीईटीत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि सामान्यज्ञान. कॅमेरा कुठेच नाही. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, पायाभूत. आणि बहुतेक ठिकाणी फोटोग्राफी ही उपयोजित कलेतला एक ऐच्छिक विषय असते. त्यामुळे मुलं घड्याळाच्या काचेवरची चकाकी कशी आवरायची, थंड पेयाच्या बाटलीवर दवाचे थेंब कसे आणायचे हे उत्तम शिकतात. ते शिकायलाच हवं, मीही शिकवते. पण ज्या कामाला गिऱ्हाईक नाही, ब्रीफ नाही, ते काम कसं उभं करायचं हे शिकवायला वेळापत्रकात जागा फार थोडी. आमच्या विभागात शेवटचं वर्ष त्यासाठी राखून ठेवलेलं आहे. ऑगस्टपासून मार्चपर्यंत एकच प्रकल्प, विषय मुलांनी स्वतः निवडायचा. मार्चअखेरीला सार्वजनिक प्रदर्शन, आणि त्याच प्रदर्शनात बाहेरचे परीक्षक येऊन गुण देतात. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे तिचं काम पडणार आहे.

मुलगी इचलकरंजीची. ते गाव यंत्रमागाचं. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग लागला आणि पुढे घराघराला खडखडाट जोडला गेला. तिचे वडील खर्चीवाले, म्हणजे व्यापारी सूत देणार, हे कापड विणून देणार आणि पिकाच्या, म्हणजे आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी घेणार. आठ साध्या मागांचा कारखाना घराला लागूनच. लहानपणी तिला माग बंद पडल्यावर जाग यायची, चालू असताना नाही. वडिलांना ती आण्णा म्हणते. ‘ड्रॉइंगची परीक्षा दे, ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) कर, शाळेत लाग,’ असं आण्णांचं म्हणणं होतं. फोटोग्राफीला घातल्यावर त्यांनी तक्रार केली नाही; ‘लग्नाचे काढणार का?’ एवढंच एकदा विचारलं.

तिसऱ्या वर्षी आम्ही फिल्मवर काम करून घेतो. संस्थेकडे जुने ट्विन लेन्स याशिका आहेत. एका १२० रोलात बाराच फ्रेम. तिला तो कॅमेरा मानवला, आणि त्याचं एक कारण तिने स्वतः शोधून काढलं. हा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत बघायचा असतो, त्यामुळे फोटो काढणाऱ्याची मान खाली असते. समोरच्या माणसाला आपल्यावर रोखलेला डोळा दिसत नाही, झुकलेलं डोकं दिसतं. ‘कामगार माझ्याकडे बघून पोझ द्यायचे थांबले, मॅडम. मी काहीतरी शोधतेय असं त्यांना वाटतं,’ असं ती म्हणाली होती.

डिजिटलवर तिची पहिली लढाई ट्यूबलाइटशी झाली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा, गोठवायला तिने शटर १/२५० सेकंदावर ठेवलं की फ्रेमवर पट्टे यायचे, एक फोटो उजळ तर पुढचा मळकट. १/५० वर आणलं की पट्टे गेले, पण धोटा नुसती पांढरी रेघ झाला. मग तिने ती रेघच ठेवली. धोटा माणसाला असाच दिसतो, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबर होतं.

ऑगस्टमध्ये विषय मांडताना तिने एकच ओळ लिहून आणली होती: आमचे माग दिवाळीनंतर विकणार आहेत, तोवर मला तिथे असायचंय. सुताचे भाव, वीजबिल आणि मजुरी यांचा मेळ बसत नव्हता. आठही माग भंगारात, किलोवर जाणार होते. मी विषय तिथल्या तिथे मंजूर केला.

अडचण

सप्टेंबर ते डिसेंबर ती दर पंधरा दिवसांनी घरी जात राहिली. कांड्या भरणारा कांडीवाला, माग दुरुस्त करणारा जॉबर, फणीत उभे धागे ओवणारी वहिफणीची बाई, पहाटे उठून वह्या लिहिणारे दिवाणजी, आणि आण्णा. संस्थेचा संमतिपत्राचा एक छापील नमुना आहे. तो तिने सगळ्यांकडून भरून घेतला आणि मी तो फाइलला लावला. नमुना इंग्रजीत होता. आण्णांनी सही करताना काय विचारलं, हे तिने मला नंतर सांगितलं: ‘कुठं करायची?’

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माग गेले. टेम्पो निघून गेल्यावर दुपारी आण्णा रिकाम्या कारखान्यात एका मागाच्या पायावर बनियनवर बसले होते. हात दोन्ही गुडघ्यांवर सोडलेले, मागे भिंतीवर तेलाचा आणि तुसाचा काळपट थर, जमिनीवर जिथे माग होता तेवढाच लखलखीत चौकोन. वरच्या कौलातल्या काचेतून एक उजेडाची पट्टी त्यांच्या खांद्यावर. त्यांनी तिच्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. तिने एकच फ्रेम घेतली. रोलातली अकरावी.

फोटो थोर होता. हा शब्द मी विद्यार्थ्यांच्या कामाला सहसा लावत नाही. जानेवारीच्या मध्यावधी आढाव्यात तो टेबलावर आला आणि बाकीचे तीन तास त्याच्याभोवतीच गेले. एका पाहुण्या परीक्षकांनी तर सांगून टाकलं, हीच तुझी मालिका, बाकीचं याच्याभोवती बांध. मीही तेच म्हणाले. प्रदर्शनाच्या निमंत्रणासाठी विभागाने सगळ्या मुलांच्या कामातून एक चित्र निवडलं, ते हेच.

निमंत्रण व्हॉट्सअॅपवर गेलं, प्रदर्शनाला १९ दिवस उरले असताना. दुपारपर्यंत ते सांगलीतल्या एका मावसभावाकडून घरच्यांच्या ग्रुपवर आलं. संध्याकाळी आईचा फोन. ‘तेवढा फोटो नको लावूस, बाळा.’ माग गेल्याचं गावात आणि नात्यात अजून सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं. का सांगितलं नव्हतं ही घरची बाब. काढलेली दोन वाक्यं इथलीच.

मुलीने आण्णांना फोनवर घ्यायला सांगितलं. ते म्हणाले, ‘तुला बरं वाटेल ते कर.’

या पाच शब्दांवर आम्ही दोन दिवस घालवले. मराठी घरात वाढलेल्या कुणालाही माहीत आहे की हे वाक्य होकारही असतं आणि नकारही. कागदावर लिहिलं तर परवानगी. बापाच्या तोंडून आलं, तेही बायकोने मागे उभं राहून फोन हातात दिल्यावर, तर बहुतेक वेळा नाही. मुलगी पहिल्या दिवशी म्हणाली, ‘आण्णा हो म्हणाले.’ दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन म्हणाली, ‘नाही म्हणाले, मॅडम.’

पुढे आलेले पर्याय

पहिला पर्याय सरळ होता: फोटो लावायचा. कायद्याने तिची बाजू पक्की होती. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ज्याने फोटो काढला तो त्याचा पहिला मालक, आणि हातात सही केलेलं संमतिपत्र होतं. वर्गातली निम्मी मुलं या मताची होती. कलाकाराने घरच्यांना विचारत बसलं तर कामच होणार नाही, असा त्यांचा सूर. त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. घराबद्दल खरं बोलणारं काम घरच्यांना क्वचितच आवडतं.

दुसरा पर्याय चेहरा टाळण्याचा. तिने नेगेटिव्हवरून तीन वेगवेगळे क्रॉप छापून बघितले: नुसते हात, नुसता खांदा आणि उजेड, गळ्याखालून पायापर्यंत. हातांचा प्रिंट खूप देखणा आला. तो बघून तीच म्हणाली, ‘आता हे कुणाचेही हात झाले. आणि आमच्या गल्लीत मात्र कुणालाही ओळखू येतील.’ म्हणजे जिथे लपायला हवं तिथे लपत नव्हतं, आणि जिथे दिसायला हवं तिथे दिसत नव्हतं.

तिसरा पर्याय मी सुचवला होता, तो नोंदवते. फोटो फक्त दालनात लावायचा, निमंत्रण बदलायचं, शेजारी ‘छायाचित्रण करू नये’ अशी पाटी. प्रदर्शन पुण्यात, इचलकरंजी सव्वादोनशेपेक्षा जास्त किलोमीटर लांब. मला तेव्हा हा मध्यममार्ग वाटला. आज तो मला फोटो वाचवण्याचा मार्ग वाटतो. आण्णांचा विचार त्यात कुठेच नव्हता. दालनात येणारा प्रत्येक जण फोन घेऊन येतो, हे मला माहीत होतं.

चौथा पर्याय, मालिकाच सोडून देऊन आधीच्या एखाद्या कामावर परीक्षा द्यायची. त्यावर कुणी फार वेळ घालवला नाही.

पाचवा तिच्याकडून आला, आणि तो येण्याआधी मी तिला दोन गोष्टी सांगितल्या होत्या. लॅरी सुल्तान नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने १९८०च्या दशकात कॅलिफोर्नियात स्वतःच्या आईवडिलांचे फोटो वर्षानुवर्षं काढले. पलंगावर सूट घालून बसलेल्या वडिलांचा त्यातला फोटो फार गाजला. त्यावर वडिलांचं म्हणणं असं की हा उदास माणूस मी नव्हे, हा तू आहेस. मी तुला मदत करतोय, पण हे लोकांना स्पष्ट सांग. सुल्तानने वडिलांचं हे म्हणणं आपल्या कामातच घेतलं. दुसरी गोष्ट भारतीय छायाचित्रकार दयानिता सिंगची. १९८९ साली लंडनच्या एका वर्तमानपत्रासाठी तिने दिल्लीत मोना अहमद या हिजडा व्यक्तीचे फोटो काढले. ते लंडनमध्ये छापून येणार हे कळल्यावर मोनाने ते परत मागितले, कारण तिचे नातेवाईक तिथे होते. दयानिताने फिल्मचे रोल देऊन टाकले आणि मोनाने ते कचऱ्यात टाकले. मैत्री तिथून सुरू झाली, आणि त्या मैत्रीतून २००१ साली दोघींचं पुस्तक आलं.

मुलगी ऐकून घेत होती. मग म्हणाली, ‘पण मॅडम, मी आण्णांना फोटो दाखवलेलाच नाही. त्यांनी तो मोबाइलवर बघितलाय, निमंत्रणाच्या अक्षरांखाली.’

मी गप्प झाले. जानेवारीपासून आम्ही त्या माणसाच्या चेहऱ्यावर बोलत होतो. टोन, ग्रेन, कडेला किती जागा सोडायची. आठ-दहा जणांनी तो प्रिंट हातात घेऊन पाहिला होता. ज्याचा फोटो, त्याने नव्हता.

काय केलं

तिने डार्करूममधले सगळे कामाचे प्रिंट गोळा केले. ४३ भरले. कागदाच्या खोक्यात घालून एस.टी.ने घरी गेली, चार दिवसांसाठी. ‘आण्णा नको म्हणतील ते सगळं काढायचं, पण निवडायला त्यांनी बसायचं,’ असं ठरवून. मी सोबत येऊ का विचारलं, ती नको म्हणाली. तेही बरोबरच होतं. बाईंसमोर आण्णा पुन्हा ‘तुम्हाला बरं वाटेल ते करा’च म्हणाले असते.

पुढचं तिने सांगितलेलं. कारखान्यात कापड तपासायचं टेबल तेवढं राहिलं होतं, कारण त्याला भंगारवाल्याने भाव दिला नाही. आण्णांनी त्यावरची धूळ पुसली, प्रिंट ओळीने मांडायला लावले, चष्मा लावला आणि ज्या पद्धतीने तीस वर्षं कापड तपासलं त्याच पद्धतीने ते कामाला लागले. प्रत्येक प्रिंट कडेला धरून उजेडाकडे तिरका करून बघायचा. तीन गठ्ठे: फ्रेश, सेकंड, चिंधी. बोलणं नाही.

चिंधीत काय गेलं ते बघून ती चकित झाली. तिच्या मते उत्तम असलेला मागांचा एक फोटो त्यांनी चिंधीत टाकला. कारण विचारल्यावर म्हणाले, ‘यात ताण्याचे धागे तुटलेत. तुटलेला माग चालू ठेवून कुणी फोटो काढत असतं का? जॉबरची बेअब्रू.’ आईने स्वतःचा एक काढून घेतला, पदर नीट नव्हता. दिवाणजींचा वहीवर वाकलेला फोटो त्यांनी फ्रेशमध्ये ठेवला, पण वहीतले आकडे वाचता येतात का हे भिंग लावून पाहिलं. येत होते. तो मग सेकंडमध्ये.

अकरावी फ्रेम हातात आल्यावर ते सर्वात जास्त वेळ थांबले. तो प्रिंट त्यांनी कुठल्याच गठ्ठ्यात टाकला नाही. टेबलाच्या कडेला पालथा ठेवला. शेवटचा प्रिंट झाल्यावर म्हणाले, ‘फोटो खोटा नाही. पण यात मी हरलेला दिसतो. त्या दिवशी मी हरलो नव्हतो गं. दमलो होतो.’

हे वाक्य तिने त्या रात्री मला फोनवर सांगितलं. मी ते प्रकल्पाच्या नोंदवहीत लिहून ठेवलंय.

दुसऱ्या दिवशी आण्णा स्वतःहून इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, आता काढ. तिने एक रोल संपवला. एका फ्रेममध्ये त्यांच्या हातात १७ नंबरचा पाना आहे, माग विकताना ठेवून घेतलेला. हे फोटो चांगले आले, थोर आले नाहीत. ते ताठ उभे आहेत, दाराकडे बघताहेत. मुलीलाही ते जाणवलं आणि तिने ते मला तसंच सांगितलं.

कामगारांचं काय, हा प्रश्न अर्धा सुटला. जॉबर आणि वहिफणीची बाई गल्लीतच होत्या, त्यांनी आपले फोटो पाहिले, हसले, एकेक प्रत मागितली. कांडीवाला मुलगा उत्तर प्रदेशातला. माग बंद झाल्यावर तो गेला, आणि फोन बंद. त्याचे तीन सुंदर फोटो होते. सही होती. त्याला दाखवता येत नव्हते. तिने तिन्ही मालिकेतून काढून टाकले. मी म्हणाले, एक ठेव, त्याची काही हरकत नसेल. ती म्हणाली, ‘नसेलच. पण मला कुठे माहितीये.’ या निर्णयाबद्दल माझं मन अजून स्थिर नाही. त्या कारखान्यात तो नऊ-नऊ तास उभा होता, आणि प्रदर्शनात तो कुठेच नाही.

परत आल्यावर १३ दिवस उरले होते आणि मालिकेचा मधला खांब निघून गेला होता. तिची पहिली कल्पना अशी की त्या जागी रिकामी चौकट टांगायची आणि खाली लिहायचं, हा फोटो माझ्या वडिलांनी वगळायला सांगितला. आम्हा शिक्षकांपैकी दोघांना ती फार आवडली. आईने मोडता घातला, आणि तिचं कारण कुठल्याही समीक्षकाला जमलं नसतं: ‘झाकलेलं दाखवलंस तर लोक झाकण उचलायलाच बघतात.’ चौकट रद्द झाली.

मग जमिनीकडे लक्ष गेलं. वरच्या माळ्यावरून काढलेला एक फोटो होता, आठ मागांच्या जागा, तेलाच्या काळ्या जमिनीत आठ फिकट चौकोन. आण्णांनी तो फ्रेशमध्ये सर्वात वर ठेवला होता. घरी शेवटच्या बीमचा (ताणा गुंडाळलेल्या रुळाचा) एक तागा पडून होता, कोरं कापड. तिसऱ्या वर्षी तिने सायनोटाइप केलं होतं. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड या दोन द्रावणांचं मिश्रण लावून उन्हात छापायची ही पद्धत जॉन हर्शेलने १८४२ साली शोधली. तो फोटो त्या कापडावर छापायचा, असं तिने ठरवलं.

पहिले चार तुकडे वाया गेले. निळा रंग ठिपक्याठिपक्यांनी बसत होता. आम्ही रसायनांना दोष देत राहिलो, १०० मिलिलिटरला २५ ग्रॅम सायट्रेट, १० ग्रॅम फेरिसायनाइड, सगळं पुन्हा वजन करून. उत्तर आण्णांनी फोनवर दिलं: ‘अगं, कोरं कापड ते. ताण्याला सायझिंगची खळ असते. पाणी पिणार कसं?’ ताणा मागावर तुटू नये म्हणून त्याला खळ देतात, तीच द्रावण आत शिरू देत नव्हती. मग कापड धुण्याचा सोडा घालून उकळलं. आता निळा एकसारखा बसला, आणि धुतल्यावर अर्ध्या तासात पिवळट पडला. सोडा अल्कधर्मी, आणि सायनोटाइपचा निळा अल्कलीत टिकत नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. उकळल्यावर पाच-सहा पाण्यांतून काढून, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घालून, वाळवून मग द्रावण लावलं. मार्चच्या दुपारी गच्चीवर दहा मिनिटं ऊन. आठ चौकोन आले. निळ्यात पांढरे, कापडाची वीण त्यातून दिसत होती.

निष्पत्ती

प्रदर्शनात १७ फोटो आणि एक कापड लागलं. निमंत्रणावरचं चित्र बदललं, पण जुनं जिथे जिथे पुढे गेलं होतं तिथून परत आलं नाही. तिने ओळखीच्यांना फोन करून पुसायला सांगितलं. किती जणांनी पुसलं, कोण जाणे.

परीक्षकांपैकी एकांना मालिका ‘थोडी सौम्य’ वाटली. जानेवारीत ज्यांनी अकरावी फ्रेम बघितली होती त्यांनी ती कुठे गेली असं विचारलं. तिने सांगितलं, वडिलांना नको होती. त्यांनी मान डोलावली आणि गुण कापडाला दिले, मालिकेला नाहीत. तिला प्रथम श्रेणी मिळाली. जानेवारीत सगळ्यांना विशेष प्रावीण्याची खात्री होती. हे नुकसान खरं आहे, आणि पुढच्या प्रवेशासाठी अर्ज करताना तिला ते जाणवलं. ‘नीतीने वागलीस, त्याचं फळ मिळेल’ असं मी तिला म्हणाले नाही. मिळेलच असं काही नसतं.

आण्णा आणि आई शेवटच्या दिवशी आले. आण्णा कापडापाशी गेले, कडेचा काठ चिमटीत धरून पाहिला आणि शेजारच्या एका मुलाला समजावून सांगू लागले की हा काठ असा का वळतो. तो मुलगा बराच वेळ ऐकत उभा होता.

आज पुन्हा करायचं झालं तर

पहिली चूक इंग्रजी संमतिपत्राची, आणि ती माझ्या सहीने फाइलला लागली. आता आमचा नमुना मराठी आणि हिंदीत आहे, आणि त्याला दुसरं पान आहे. फोटो काढण्याआधीची सही पहिल्या पानावर. दुसऱ्या पानावर प्रदर्शनात लावायच्या फोटोंच्या छोट्या प्रती, आणि त्यातल्या ज्यांना हो त्यांच्यासमोर खूण. दुसरं पान भरल्याशिवाय काम भिंतीवर जात नाही. यात वेळ जातो. म्हणून डिसेंबरच्या सुट्टीआधीचा एक आठवडा आम्ही ‘प्रिंट घेऊन परत जाण्यासाठी’ मोकळा ठेवतो. स्वतःच्या घरच्यांचे फोटो असतील तर हे पान जास्त काटेकोरपणे भरून घेतो. परका माणूस नको असेल तर नको म्हणतो. आईबाप मुलीच्या शिक्षणाच्या कागदावर कुठेही सही करतात.

दुसरी गोष्ट परीक्षेची. परीक्षा आणि सार्वजनिक प्रदर्शन एकच असायला हवं, असं कुठल्याही नियमात नव्हतं. सोय म्हणून ती पद्धत पडली होती. परीक्षकांना बंद खोलीत सगळे ४३ प्रिंट दाखवून, भिंतीवर १७ लावता आले असते. आण्णांना विचारलं असतं तर त्यांनी कदाचित त्याला हो म्हटलंही असतं. आम्हाला १९ दिवसांत हे सुचलं नाही, विभागप्रमुखांनाही नाही. त्यानंतरच्या वर्षापासून बंद परीक्षणाची मुभा आहे. तीन मुलांनी ती घेतली.

निमंत्रणाचं चित्र आता काम पक्कं झाल्याशिवाय निवडत नाही. आणि जानेवारीच्या आढाव्यात एखाद्या फोटोभोवती आम्ही सगळे गोळा झालो की मी पहिला प्रश्न विचारते: हा ज्याचा आहे त्याने बघितलाय का?

एका गोष्टीवर आमचा विभाग अजून दुभंगलेला आहे. माझ्या एका सहकाऱ्याचं ठाम मत आहे की ती अकरावी फ्रेम लागायला हवी होती. यंत्रमाग गावोगाव भंगारात जाताहेत आणि त्याची साक्ष देणारा चेहरा आपण कपाटात घातला. त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. दमलेल्या आणि हरलेल्या माणसातला फरक फोटोला दाखवता येत नसेल, तर तो फोटोशेजारी शब्दांत लिहायचा, सुल्तानसारखा, असंही त्यांनी सुचवलं. तो पर्याय आमच्या यादीत नव्हता. आण्णांपुढे तो ठेवला गेला नाही, हे मात्र राहून गेलं.

प्रदर्शनानंतर तिने तो रोल काढला. १२० फिल्मच्या बारा फ्रेम आम्ही तीन-तीनच्या चार पट्ट्यांत कापून ठेवतो. शेवटची पट्टी, दहावी, अकरावी आणि बारावी, तिने घरी नेऊन आण्णांना दिली. त्यांनी ती उजेडाला धरून पाहिली, कागदात गुंडाळली आणि कारखान्याच्या कागदपत्रांच्या पिशवीत, जुन्या वीजबिलांबरोबर ठेवली. पट्टी तिथेच आहे. तिने परत मागितलेली नाही.